तळघरात राहून गेलेली वाइसबिअर: केळ्याचा वास गेला कुठे?

तळघरातला_पुणेकर

मंडळी, एक प्रश्न आहे, जरा लांबडं लिहितोय, सांभाळून घ्या. मी जर्मनीत आउग्सबुर्गच्या जवळ एका गावात राहतो. इथे एक छोटी ब्रुअरी आहे आणि तिची साधी हलकी वाइसबिअर, म्हणजे आपण पुण्यात हेफेवायझन म्हणतो ती गव्हाची बिअर, ५ टक्के अल्कोहोलच्या आसपासची, आमच्याकडे उन्हाळ्यात क्रेटनेच येते. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता एक क्रेट आणला आणि मग बाबांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जावं लागलं, तिथे मुक्काम वाढत गेला, परत आलो तोवर कडाक्याची थंडी आणि थंडीत आमच्याकडे वाइसबिअरला कोणी हात लावत नाही, सगळे डार्क आणि बॉककडे, म्हणजे गडद आणि दणकट बिअरकडे वळतात, त्यामुळे तो क्रेट तळघरात सायकलींच्या मागे तसाच राहिला. परवा चांगलं ऊन पडलं तेव्हा आठवण झाली. बाटलीवरची तारीख उलटून गेलीये. फार नाही, पण गेलीये.

उघडली तर खराब म्हणावी अशी नाही. आंबट नाही, घाण वास नाही. पण ही ती बिअर नाहीच! ग्लास नाकाशी नेला की पिकलेल्या केळ्याचा जो भपकारा यायचा तो गायब, लवंग अगदी पुसट, आणि त्या जागी काहीतरी गोडसर, मधाच्या वळणाचं, आणि मागे जरासा ओल्या पुठ्ठ्याचा वास. रंगही मला थोडा गडद वाटला. फेस ओतताना भरपूर आला पण लगेच बसला. आणि तोंडात पातळ लागली, ती गव्हाची मऊशार भरीव चव असते ना ती नाही.

आता माझा एक मित्र आहे, वाइनवाला, तो म्हणतो की अरे हे एजिंग आहे, वाइन ठेवली की सुधारते तशी बिअरही वेगळी होते, अजून वर्षभर ठेव आणि मग बघ. मला हे पटत नाहीये पण मुद्देसूद भांडायला माहितीही नाहीये. तर नक्की होतं काय आत? अर्ध्याहून जास्त क्रेट शिल्लक आहे, पिऊ का, ठेवू का, ओतून देऊ? आणि तारीख उलटलेली बिअर पिऊन काही होत नाही ना, हे घरातून विचारायला सांगितलंय.

एक_घोट

पी आणि मोकळा हो राव. वाइसबिअर ठेवायची वस्तूच नाही. वडापाव उद्यासाठी ठेवतोस का?

पुण्यात २००९ ला डूलाली सुरू झालं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा टाकीतून थेट आलेली ताजी हेफेवायझन प्यायलो, तोवर बाटलीतली इम्पोर्टेड पिऊन मला वाटायचं की वाइसबिअर म्हणजे थोडी गोड, थोडी मरगळलेली बिअर, लोक एवढं का डोक्यावर घेतात कळायचं नाही. ताजी प्यायल्यावर कळलं. ती इम्पोर्टेड बाटली जहाजातून, कस्टममधून, गोडाऊनमधून फिरत फिरत येते, तिच्यात काय उरणार. त्यामुळे तुझ्या वाइनवाल्या मित्राला सांग की वर्षभर आणखी ठेवायची असेल तर स्वतःच्या पैशाने क्रेट आण आणि स्वतःच्या तळघरात ठेव.

माल्ट_मामा

पुणेकर, तू लिहिलेली लक्षणं अगदी बरोबर आहेत, कोणी न सांगता एवढं नोंदवलंस म्हणजे नाक चांगलं आहे तुझं. मी याच धंद्यात आहे, ब्रुअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये, सकाळी अकरा वाजता बिअर चाखणं हे माझं पगारी काम आहे (सासूबाईंना अजून पटलेलं नाही), तर जरा खोलात जातो.

केळ्याचा वास गव्हातून येत नाही, यीस्टमधून येतो. वाइसबिअरचं जे खास यीस्ट असतं ते फर्मेंटेशन करताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर, म्हणजे फळासारखा वास देणारं रसायन, बनवतं, केळ्याच्या गोळ्यांमध्ये जो इसेन्स घालतात तो हाच. लवंगेचा वास येतो फोर-व्हिनाइल ग्वायकॉलमुळे, आम्ही फोर-व्हीजी म्हणतो. गव्हाच्या आणि बार्लीच्या माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) फेरुलिक ॲसिड असतं, ब्रुअर मॅश करताना, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, ४५ अंशांच्या जरा खाली थोडा वेळ थांबला की ते जास्त सुटतं आणि पुढे यीस्ट त्याचं फोर-व्हीजी करतं. म्हणजे बघ, वाइसबिअरची सगळी ओळख ज्या दोन वासांवर उभी आहे ते दोन्ही यीस्टने बनवलेले आणि दोन्ही टिकायला कच्चे.

एस्टर बाटलीत हळूहळू फुटतं आणि त्याचं परत अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड होतं. इतकं थोडं ॲसिड की आंबट लागत नाही, पण केळं मात्र जातं. त्यात हेफेवायझनच्या तळाला यीस्ट बसलेलं असतं, ते म्हातारं होऊन मरायला लागलं की त्याच्या पेशींतून एस्टरेज एन्झाइम बाहेर पडतात आणि हे फोडाफोडीचं काम आणखी जोरात चालतं. म्हणून गाळलेल्या आणि पाश्चराइज केलेल्या बिअरपेक्षा जिवंत यीस्टवाल्या बाटलीत केळं लवकर उडतं. फोर-व्हीजीचंही तेच, ते महिन्यागणिक कमी होतं आणि त्यातल्या थोड्याचं व्हॅनिलिन होतं, त्यामुळे काहींना जुन्या वाइसबिअरमध्ये व्हॅनिला जाणवतो. पुढच्या वेळी लक्ष देऊन वास घे, लवंगेच्या जागी सापडेल कदाचित.

आता जे नवीन आलंय ते. बाटली भरताना कितीही काळजी घेतली तरी थोडा ऑक्सिजन आत राहतोच, आणि झाकणाच्या आतल्या रबरी चकतीतूनही तो अगदी हळू आत येत राहतो. जिवंत यीस्ट सुरुवातीला यातला बराच खाऊन टाकतं, हा बाटलीत यीस्ट असण्याचा फायदा, पण ते थकलं की मग रान मोकळं. मधाचा वास फिनाइल ॲसिटाल्डिहाइडसारख्या ॲल्डिहाइडचा. पुठ्ठ्याचा वास ट्रान्स-टू-नोनेनलचा, आणि हा इतका जहाल आहे की एका लिटरमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम असला तरी सरावलेल्या माणसाला कळतो. रंग गडद वाटला तो भास नाही, ऑक्सिडेशनने बिअर खरंच काळवंडते.

फेस का बसला? मेलेल्या यीस्टमधून प्रोटिनेज-ए नावाचं एन्झाइम सुटतं, ते फेस धरून ठेवणारी प्रोटीन्स कुरतडतं. गॅस आहे म्हणून फेस येतो भरपूर, वाइसबिअरमध्ये लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास सीओटू असतो, पिल्सनरमध्ये (फिकट, कडसर बिअरमध्ये) साधारण ५, पण धरून ठेवणारं कोणी नाही. आणि पातळ का लागली तर गव्हाची प्रोटीन्स जी बिअर धूसर ठेवतात आणि जिभेवर भरीव लागतात ती वेळ गेला की गोळा होऊन तळाला बसतात. वरची बिअर नितळत जाते. धूसरपणा गेला की अर्धी वाइसबिअर गेली असं मी तरी समजतो.

वाइनच्या मुद्द्यावर: वाइनही सगळ्या सुधारत नाहीत, बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात, हे तुझ्या मित्राला माहीत असेलच. ज्या टिकतात त्यांच्यात ॲसिड, टॅनिन, अल्कोहोल किंवा साखर काहीतरी भक्कम असतं. हलक्या वाइसबिअरमध्ये यातलं काय आहे? अल्कोहोल ५, कडूपणा १० ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), म्हणजे नावापुरता, माल्ट फिकट. डार्क बिअरमध्ये थोडं ऑक्सिडेशन झालं तर ते खजूर-मनुकांच्या चवीत लपून जातं, इथे लपायला जागाच नाही.

तब्येतीचं: घाबरायचं कारण नाही. अल्कोहोल आहे, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आहेत, पीएच सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ऑक्सिजन जवळजवळ नाही, माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात वाढत नाहीत. इथल्या बाटलीवरची तारीख ही 'निदान तोवर चांगली राहील' अशी ब्रुअरीची हमी असते, त्यानंतर फेकून द्या असं ती म्हणत नाही. फक्त एक. झाकण उघडताच बिअर कारंज्यासारखी उसळली, चव आंबट किंवा एकदम कोरडी लागली तर आत भलतं बॅक्टेरिया किंवा रानटी यीस्ट शिरलंय. पोटाला काही होत नाही सहसा, पण तशा बाटल्यांमध्ये प्रेशर वाढत जातं, त्या तळघरात ठेवू नकोस. फुटलेली काच वाईट.

विदर्भी_ऊन

मामांनी केमिस्ट्री सांगितली, मी उन्हाचं सांगतो. मी नागपूरले राहतो, बिअरच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये बरीच वर्षं काढली. भाऊ, तारखेपेक्षा बाटली कुठे ठेवली होती हे पाह्यचं. धंद्यात एक अंदाजे हिशोब चालते, ३-३०-३००. म्हणजे ३२ अंशाले ३ दिवसांत बिअर जेवढी म्हातारी होते तेवढी २२ अंशाले ३० दिवसांत आणि फ्रिजमध्ये ३ अंशाले ३०० दिवसांत. आता तुमचं जर्मनीतलं तळघर असंन १२-१४ अंशाचं, तिथे पाच-सात महिने राह्यली तर एवढंच होणार जेवढं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, गोडाऊनवर टिनाचं छप्पर, आत काय असंन तुम्हीच ठरवा. ट्रक दुपारी सावनेर रोडवर उभा, ड्रायव्हर जेवाले गेला, ताडपत्रीखाली गव्हाची बिअर. तारीख पाह्यली तर मागच्या महिन्याचीच राहते आणि चवीले वर्षभर जुनी.

म्हणून मी दुकानात गेलो की दोन गोष्टी पाह्यतो. एक म्हणजे मॅन्युफॅक्चरिंगची तारीख, आपल्याकडे लेबलवर नाहीतर झाकणावर छापलेली राहते, सहा महिन्यांची मुदत लिहितात बहुतेक, पण व्हीट बिअर मी दोन महिन्यांच्या वरची उचलत नाही. दुसरं म्हणजे तो फ्रिजमधून देऊन राह्यला का बाहेरच्या खोक्यातून काढून. काही दुकानदार खोकी दाराबाहेर उन्हात रचतात आणि गिऱ्हाईक आलं की बाटली दहा मिनिटं फ्रीजरमध्ये टाकतात. थंड होते, पण गेलेला वास फ्रीजर परत आणून देत नाही.

आणि एक गैरसमज आहे लोकांचा, की एकदा फ्रिजमधून काढलेली बिअर परत गरम झाली की संपली. असं काही नसते. गार-गरम, गार-गरम याच्यात वेगळं विष नाही, एकूण किती वेळ गरमीत राह्यली त्याचा हिशोब आहे सगळा. पार्टीतून उरलेल्या बाटल्या परत फ्रिजमध्ये टाका बिनधास्त.

आंबट_बोका

सगळं मान्य, पण "हलकी गव्हाची बिअर टिकत नाही" हे सरसकट वाक्य मी बर्लिनमध्ये बसून ऐकून घेऊ शकत नाही 😀

बर्लिनर वाइस घ्या. गव्हाचीच, आणि पुणेकरांच्या हेफेवायझनहून हलकी, ३ टक्क्यांच्या आसपास. तुम्ही म्हणाल ही तर महिन्यात मरेल. पण जुन्या पद्धतीची बर्लिनर वाइस वर्षानुवर्षं ठेवायचे लोक, बाटल्या वाळूत पुरून ठेवायचा रिवाज होता इथे. कारण तिच्यात दोन पहारेकरी आहेत. एक लॅक्टिक ॲसिड, त्यामुळे पीएच साडेतीनच्या खाली-वर, आणि दुसरं ब्रेट म्हणजे ब्रेटानोमायसीस नावाचं यीस्ट. साधं यीस्ट थकून मरतं तिथे हे ब्रेट आरामात जगतं, आत येणारा ऑक्सिजन खातं, आणि जुने एस्टर जात असताना स्वतःचे नवीन एस्टर बनवतं. त्यामुळे ती बिअर म्हातारी होताना सपाट होत नाही, तिची चव बदलत जाते, सुरुवातीला नुसती लिंबासारखी आंबट, पुढे फळांकडे, फुलांकडे, जरा तबेल्याच्या वासाकडे (हो, तबेला, आणि हे कौतुकाने म्हणतात, सवय लागते). पूर्व जर्मनीच्या काळातल्या बाटल्या उघडून त्यातून जिवंत ब्रेट वाढवून इथल्या ब्रुअरनी नवीन बिअर केलेली आहे. आता बाजारात जी लाल-हिरवं सिरप घातलेली बर्लिनर वाइस मिळते ती वेगळी, ती ठेवू नका, खरं तर पिऊही नका पण ते ज्याचं त्याचं.

बेल्जियमची लॅम्बिक नावाची आंबट बिअर घ्या, ३० ते ४० टक्के कच्चा गहू असतो त्यात, माल्ट न केलेला. लाकडी पिंपात एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं राहिलेलं लॅम्बिक एकत्र करून गझ नावाची बिअर बनते आणि ती बाटलीत आणखी कित्येक वर्षं आरामात बसते. म्हणजे गहू दोषी नाही, हलकेपणाही एकटा दोषी नाही. आत राखण करायला कोण आहे ते बघायचं.

उलट त्याच बेल्जियमची विटबिअर, हुगार्डनच्या प्रकारातली, धणे आणि संत्र्याची साल घातलेली, जी पिएर सेलिस या गृहस्थाने १९६० च्या दशकात पुन्हा जिवंत केली, ती मात्र हेफेवायझनसारखीच नाजूक. धण्याचा तो ताजा लिंबूसर वास आधी जातो आणि मागे राहतो तो डब्यात विसरलेल्या धणेपुडीचा. मुंबईत उन्हाळ्यात हा प्रकार प्यायलेले इथे बरेच जण असतील.

तळघरातला_पुणेकर

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मामा, मनापासून आभार. बोका, तबेल्याबद्दल नंतर बोलू.

एक सांगा, मला जे वाटतंय ते खरंच बिअरमध्ये आहे की तारीख बघून डोक्यात बसलंय हे तपासायचं कसं? वाइनवाला मित्र म्हणतोय की बाटली न दाखवता दिली असती तर तुला काही कळलं नसतं.

माल्ट_मामा

रास्त शंका आहे, आम्हीही लॅबमध्ये यासाठीच ट्रँगल टेस्ट करतो. त्याच ब्रुअरीची ताजी बाटली आण, दोन्ही एकाच फ्रिजमध्ये रात्रभर ठेव म्हणजे तापमान सारखं. तीन एकसारखे ग्लास, दोनात एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, ओतणारा माणूस वेगळा आणि पिणाऱ्याने पाठ करून बसायचं. वेगळा ग्लास कुठला एवढंच ओळखायचं, आवडनिवड नंतर. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले घेतलेस तर उत्तम, आपल्याकडे घरात असतातच. आधी वास, मग घोट. आणि घाई नको, फ्रिजमधून काढल्या काढल्या एकदा आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा. थंडीत दोष झाकले जातात.

आणि जुन्या बाटलीतलं तळाचं यीस्ट एकदा मिसळून आणि एकदा न मिसळता बघ. ताज्या वाइसबिअरचा शेवटचा घोट बाटलीत ठेवून गोल फिरवून ते यीस्ट ग्लासात घेतात, ते योग्यच आहे. जुन्या बाटलीत मी ते कधीच घेत नाही.

फोडणी_ताई

मला बिअरचं फार कळत नाही, अहो घेतात, मी एखादा घोट, पण श्टुटगार्टमध्ये इतकी वर्षं काढल्यावर शिळ्या बिअरचं काय करायचं ते चांगलं कळतं. ओतून कशाला द्यायची? भज्यांचं पीठ भिजवा. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, मीठ, तिखट, ओवा आणि पाण्याऐवजी ही गार बिअर, गॅस अजून आहे म्हणताय ना मग सोडा घालायची गरज नाही, पीठ भिजवल्याबरोबर लगेच तळायची, ठेवायचं नाही. बटाट्याची, पालकाची, अगदी फ्लॉवरची सुद्धा छान कुरकुरीत होतात. वाइसबिअर कडू नसते म्हणून जमतं, पिल्सनरने एकदा केली होती तर कडवट लागली मुलांना. मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते, तळल्यावर अल्कोहोल सगळंच्या सगळं उडतं असं नाही, त्यामुळे लहानांची भजी मी पाण्यातच करते.

दुसरं म्हणजे कांदा भरपूर परतून मटणाच्या रश्शात अर्धी बाटली. तळाच्या गाळासकट. त्या गाळाने रस्सा दाट लागतो, एक प्रकारचा उतरलेला स्वाद येतो.

आणि तरीही उरली तर बागेत गोगलगायींसाठी वाटीत ठेवतात इथले लोक. आमच्या शेजारच्या आजोबांनी ठेवली तर पूर्ण गल्लीच्या गोगलगायी त्यांच्या वाफ्यात पार्टीला आल्या, त्यामुळे ते जरा विचार करून.

माल्ट_मामा

ताई, गाळाचं तुम्ही एकदम बरोबर सांगितलंत. मेलेलं यीस्ट फुटलं की त्यातून अमिनो ॲसिड्स बाहेर येतात, ग्लासात तोच दोष आणि रश्श्यात तोच मसाला.

तळघरातला_पुणेकर

झाली टेस्ट. शनिवारी संध्याकाळी, स्टीलच्या पेल्यांत, इथल्या शेजाऱ्यांना वाटलं असणार आमच्यात काही धार्मिक कार्य आहे. ओतायला मुलगी होती, तिने पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि भयंकर गांभीर्याने सगळं केलं.

बायकोने तोंडालाही न लावता नुसत्या वासावर वेगळा पेला काढून दिला. मला घोट घ्यावा लागला पण ओळखला. वाइनवाल्याला पहिल्या फेरीत अजिबात नाही जमलं, त्याने चक्क चुकीचा पेला उचलला आणि वर त्यावर भाषण दिलं. मग वीस मिनिटं थांबलो आणि दुसऱ्या फेरीत त्यालाही लगेच कळलं. मामा म्हणाले तसंच, बिअर कोमट व्हायला लागली की पुठ्ठा वर आला आणि मग तो लपता लपेना. थंड असताना फक्त "काहीतरी कमी आहे" एवढंच वाटत होतं.

व्हॅनिला सापडला! अगदी हलका, आणि जुन्या बिअरमध्येच. लवंग नाही म्हणता येणार, पण लवंगेच्या जागी काहीतरी गोड उबदार आहे. बायको म्हणाली मधापेक्षा हे काकवीच्या जास्त जवळ जातंय, तेही पटलं.

सगळ्यात मोठा फरक मला गाळाचा वाटला. ताज्या बाटलीत तळाला फिरवलं की यीस्ट दुधासारखं विरघळतं, जुन्या बाटलीत ते काचेला चिकटून बसलं होतं, हलवल्यावर पापुद्रे सुटले आणि ते ग्लासात बारीक पांढऱ्या कपच्या होऊन तरंगायला लागले, दिसायलाच नकोसं. ते मिसळून प्यायलो तर सोया सॉसच्या बाजूला जाणारी एक चव आली, बिअरमध्ये अजिबात नको अशी. न मिसळता वरची ओतली तर मात्र मी म्हणेन की ती एक बरी, जराशी गोडसर, साधी बिअर आहे. वाइसबिअर म्हणून कोणी दिली तर तक्रार करेन, नुसती बिअर म्हणून दिली तर पिऊन टाकेन.

तर उरलेल्यातल्या थोड्या वरच्यावर ओतून पिणार, बाकी ताईंच्या भज्यांना. रविवारी पालकाची केली, पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. गोगलगायींना काही मिळणार नाही.

आता शेवटचा प्रश्न. या सगळ्यानंतर वाइनवाल्याला ठेवायची हौस आलीच आहे, तर गव्हाच्याच घराण्यातली, इथे सहज मिळणारी, ठेवून खरंच काही फायदा होईल अशी कुठली?

माल्ट_मामा

वाइत्सनबॉक घ्या. तीच गव्हाची बिअर पण दणकट, ७-८ टक्क्यांची, गडद माल्टवाली. तुमच्या बायर्नमध्येच (बव्हेरियात) केलहाइमची श्नायडर ब्रुअरी आहे, तिची आव्हेंटिनुस १९०७ पासून आहे, ८.२ टक्के, आणि ब्रुअरी स्वतःच काही बाटल्या तळघरात वर्षानुवर्षं ठेवून जुनी म्हणून वेगळी विकते. केळं तिच्यातूनही जातंच, त्या बाबतीत केमिस्ट्री कोणाला सोडत नाही, पण तिथे खाली गडद माल्ट आहे, ऑक्सिडेशन झालं की ते मनुका, खजूर, जराशी शेरी अशा बाजूला जातं आणि अल्कोहोलचा तिखटपणा मऊ होतो. सगळ्यांना आवडतंच असं नाही. मला स्वतःला दोनेक वर्षांची आवडते, त्यापुढे सोया सॉस डोकावायला लागतो.

बाटल्या उभ्या ठेवा, वाइनसारख्या आडव्या नकोत, यीस्ट तळाशी एका जागी राहिलेलं बरं आणि झाकणाला बिअर टेकायची गरज नाही. अंधार हवा, तपकिरी काच असली तरी. तळघर १२-१४ अंशांचं आहे ना, मग चालेल, फक्त बॉयलरच्या खोलीशेजारची भिंत टाळा. आणि एकदम सहा-आठ बाटल्या घ्या, एक लगेच प्या आणि चव कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुलना करायला हाताशी काहीच नसतं आणि मग वाइनवाल्याचं भाषण ऐकावं लागतं.

एक_घोट

सहा-आठ बाटल्या दोन वर्षं टिकतील असं गृहीत धरलंय मामांनी. त्या घरात एक वाइनवाला येतो-जातो हे विसरू नका.